धावपळीत देवाने दिलेले काम हरवू नये म्हणून: ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, सर्वांत थकलेली माणसे कोण, असे कुणी विचारले तर मला आधी आठवतात ती सर्वांत विश्वासू माणसे. उपासनेआधी येऊन चटया-खुर्च्या मांडणारी, रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घेणारी, कमिटीचा हिशेब ठेवणारी, आजाऱ्याला भेटून घरी आली की पदर खोचून स्वयंपाकाला लागणारी. ही माणसे निवांत बोलायला बसली की त्यांच्याच तोंडून ऐकू येते, "देवासाठी सगळं करतो, पण देवापाशी बसायलाच होत नाही." हा लेख त्यांच्यासाठी आहे.

दिवसाला आणखी चार तास मिळाले तरी ही दगदग संपणार नाही, असे माझे ठाम मत आहे. ते चार तासही कुणाच्या ना कुणाच्या मागणीने भरून जातील. देवाने मला नेमके कोणते काम दिले आहे हे मनाशी ठरलेले नसले की समोर आलेले प्रत्येक काम आपलेच वाटू लागते. मग नकार देता येत नाही आणि होकार दिलेले कामही धड होत नाही.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूम गावातला येशूचा एक दिवस आहे. सभास्थानात शिकवण, अशुद्ध आत्मा लागलेल्या माणसाची सुटका, शिमोनाच्या सासूचा ताप आणि सूर्य मावळल्यावर दारापाशी जमलेले सगळे गाव. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन आणि सोबती शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुम्हाला शोधत आहेत. येशूने उत्तर दिले की आपण जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे, कारण मी त्यासाठीच निघालो आहे.

इथे जरा थांबा. कफर्णहूममधली गरज खोटी नव्हती. त्या सकाळीही तिथे आजारी माणसे असणार, आणि त्यांना बरे करणे हे चांगलेच काम होते. तरी प्रभू निघाला. गरज दिसली म्हणजे ते काम आपलेच, असे त्याने मानले नाही. घटनेचा क्रमही पाहा: आधी पित्याशी भेट, मग आपण कशासाठी आलो याची स्पष्टता, आणि मग एका गावाला नकार. आपण बहुतेक वेळा उलट्या बाजूने सुरुवात करतो. थकलो की आधी कामे सोडायला बघतो आणि प्रार्थना उरलेल्या वेळेत ढकलतो. पुढच्या पायऱ्या प्रभूच्या क्रमाच्या जवळ राहतील अशा लावल्या आहेत. फक्त त्याआधी आपला आठवडा आहे तसा डोळ्यांसमोर यायला हवा.

पहिली पायरी: एक आठवडा जसा आहे तसा लिहा

साधी वही घ्या. दिवसाचे तीन भाग करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ ते झोप. सात दिवस काहीही न बदलता, काय केले ते रोज रात्री लिहा. नोकरी, प्रवास, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, मंडळीची कामे, फोनवर गेलेला वेळ, सगळे. सुधारणा आत्ताच सुरू करू नका, नाहीतर खरा आठवडा कागदावर उतरणार नाही.

आठवडा संपला की प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न विचारा: हे माझ्याकडे आले कसे? उत्तरासाठी चार खुणा पुरतात. "ज" म्हणजे जबाबदारी: पोटापाण्याचे काम, घरची माणसे, दिलेला शब्द. "प" म्हणजे पाचारण: जे करताना मनापासून वाटते की देवाने हे मला सोपवले आहे. "म" म्हणजे कुणीतरी मागितले म्हणून. "भ" म्हणजे भीड किंवा भीती: लोक काय म्हणतील, पाळकसाहेबांना वाईट वाटेल, आपल्यावाचून अडेल.

एक नमुना बघू. समजा, मिरजेच्या एका रुग्णालयातली परिचारिका आहे. तिच्या वहीतला बुधवार असा: सकाळी सातपासून मॉर्निंग ड्यूटी (ज). दुपारी घरी येऊन सासूबाईंचे औषध आणि जेवण (ज). चार वाजता महिला मंडळाच्या कार्यक्रमासाठी हार-गुच्छ आणायला बाजार (म). सहाला कॉयरचा सराव, खरे तर गळा बसला आहे, पण नाही गेले तर चर्चा होईल (भ). साडेआठला वॉर्डातल्या एका पेशंटच्या मुलीचा फोन, आई घाबरली आहे, बोला म्हणाली. वीस मिनिटे बोलणे आणि फोनवरच प्रार्थना (प). रात्री अकराला पवित्र शास्त्र उघडले आणि दोन ओळींत डोळा लागला.

ही खूण लावताना तिच्या लक्षात येईल की दिवसभरातले "प" फक्त वीस मिनिटांचे होते आणि तेही अचानक आले. हार आणि सराव ही वाईट कामे नाहीत. पण घाबरलेल्या पेशंटपाशी बसून प्रार्थना करणे तिला जसे जमते तसे मंडळीत दुसऱ्या कुणाला जमत नसेल, तर तिच्या आठवड्यात त्याला जागा कुठे आहे?

"भ" जास्त निघाले तर घाबरू नका. लूकच्या चौदाव्या अध्यायातल्या मेजवानीच्या दाखल्यात नाही म्हणणाऱ्यांची कारणे आठवा. एकाने शेत घेतले, एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या, एकाचे लग्न झाले. एकही कारण पापाचे नाही. आपणही आमंत्रण चुकवतो ते बहुधा चांगल्या कामांच्या नादात.

दुसरी पायरी: तुमचे काम एका वाक्यात लिहा

प्रत्येक ख्रिस्ती माणसाला सारखेच असलेले काम ठरवायची गरज नाही. देवावर व शेजाऱ्यावर प्रीती, घरच्यांची काळजी, ख्रिस्ताची साक्ष हे शास्त्राने सांगूनच ठेवले आहे. प्रश्न उरतो तो तुमच्या वाट्याच्या खास कामाचा. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की आपण सत्कर्मांसाठी ख्रिस्तात निर्माण झालो आणि ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत. म्हणजे ती शोधायची आणि ओळखायची, शून्यातून उभी करायची नाहीत.

यासाठी अर्धा दिवस काढा. एखादा शनिवार, मंडळीची रिकामी इमारत किंवा गावाबाहेरचे झाड चालेल. पहिल्या पायरीची वही बरोबर न्या आणि या प्रश्नांची उत्तरे लिहा. कोणत्या माणसांचा विचार सारखा मनात येतो: एकटे म्हातारे, दारूने मोडलेली घरे, परीक्षेच्या ताणातली मुले, शहरात नव्याने आलेले कामगार? माझ्या कोणत्या सेवेनंतर लोक मला "देवाने तुमच्याद्वारे मदत केली" असे म्हणतात? कोणते दार मी न ठोठावता आधीच उघडे आहे? आणि शेवटचा, सर्वांत कामाचा: मी उद्यापासून हे बंद केले तर ते कुणीही सहज उचलेल का?

मग एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ: "या वर्षी मी मंडळीतल्या दहावी-बारावीच्या मुलांना अभ्यासात आणि शास्त्रात साथ देईन." किंवा: "वॉर्डात घाबरलेल्या माणसापाशी मी ख्रिस्ताच्या नावाने बसेन." वाक्यात माणसे असावीत आणि मुदत असावी. "देवाच्या गौरवासाठी जगेन" हे खरे आहे, पण गुरुवारी संध्याकाळी कुठे जायचे हे त्यातून ठरत नाही.

पाचारण हळूहळू कसे अरुंद आणि खोल होत जाते, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज, त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष, मग इंग्लंड, अमेरिका, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन आणि त्याच साली मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनात हजेरी. त्यांना बोलावणाऱ्यांची, व्याख्यान मागणाऱ्यांची कमी नव्हती. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या अनाथ मुलींना घेऊन आल्या आणि केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी एक काम धरले: साध्या बायांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्याच मुली-बायांच्या हातून छपाई झाली. संस्थेचा मोठा भार मुलगी मनोरमाबाईंनी पेलला. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूघरी गेल्या. एवढ्या कर्तबगार बाईने सभा-संमेलने मागे ठेवून अनुवादाच्या कागदांपाशी वर्षानुवर्षे बसणे हे मला त्यांच्या आयुष्यातले फार मोठे धाडस वाटते. केडगावच्या आश्रमात रोज किती गरजा समोर उभ्या असतील! तरी त्या बसल्या.

तुमचे वाक्य एकट्याने अंतिम करू नका. पाळक, मंडळीतले एखादे अनुभवी वडील (एल्डर), आणि तुमच्याशी स्पष्ट बोलणारा एखादा विश्वासू भाऊ किंवा बहीण, यांना दाखवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली तर थांबून पुन्हा प्रार्थना करा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा, तान्ह्या मुलाची रात्र, कर्ज फेडण्यासाठी दोन पाळ्या हेच सध्याचे आयुष्य असेल, तर या काळापुरते तेच तुमचे पाचारण आहे. त्यावर वेगळ्या सेवेचे ओझे चढवू नका. पौल तंबू शिवून पोट भरत होता, आणि कलस्सैकरांस पत्रात तो दासांना सांगतो की जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. त्या दासांच्या हातात आपले वेळापत्रक नव्हते, तरी त्यांचे काम प्रभूने आपले मानले.

तिसरी पायरी: प्रभूच्या भेटीची वेळ आधी राखा

उरलेला वेळ देवाला द्यायचा म्हटले की काही उरतच नाही. म्हणून आठवड्याचा कागद पुन्हा आखताना पहिली रेघ हीच ओढा. रोजची वीस मिनिटे. पहाटच हवी असे नाही. नाईट ड्यूटीवाल्याची पहाट दुपारी चारला होते.

जागा ठरलेली असू द्या. एका खोलीच्या घरात एकांत कुठला, असे अनेकजण म्हणतात आणि ते खरे आहे. गच्ची, जिन्याचा शेवटचा कोपरा, सुटीच्या वेळी रिकामा वर्ग, कामावर दहा मिनिटे आधी पोहोचून उभी केलेली रिक्षा किंवा गाडी, यांतले काही ना काही सापडते. मंडळीची इमारत सकाळी तासभर उघडी ठेवायची विनंती पाळकांना करून पाहा. बऱ्याच ठिकाणी ती रविवारखेरीज बंदच असते. विरारच्या गर्दीच्या लोकलमध्ये शास्त्र उघडणे अशक्य, पण इअरफोनवर एक अध्याय ऐकता येतो. मात्र ते ऐकणे ही भर समजा. त्या वीस मिनिटांची भरपाई त्याने होत नाही.

त्या वेळात काय करायचे? पहिली पाच मिनिटे गप्प बसा. मन कामाकडे पळेल. शेजारी कागद ठेवा, आठवलेले काम त्यावर टिपा आणि परत या. मग दहा मिनिटे एक छोटा उतारा, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने करा आणि एका दिवशी एकच घटना घ्या. अधूनमधून स्तोत्र, किंवा उपासनेतले पाठ असलेले गीत हळू आवाजात. शेवटची पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची: आजच्या कामांची यादी प्रभूपुढे ठेवा आणि विचारा, यातले आजचे कोणते? मग तुमचे वाक्य वाचा. काही दिवसांनी यादीतल्या एकदोन ओळी आपोआप खोडल्या जाऊ लागतात.

छापील पवित्र शास्त्र वापरा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळी पाच ग्रुपवर वचन फॉरवर्ड करणे म्हणजे प्रार्थना नव्हे, आणि या वीस मिनिटांत तर तेही नको. फोनबद्दल एवढेच पुरे.

चौथी पायरी: नाही म्हणायला शिका

आपल्याकडे नकार थेट दिला जात नाही. "बघतो", "प्रयत्न करते", "जमलं तर येतो" असे म्हणून आपण सुटतो, समोरचा आपल्याला धरून चालतो, आणि ऐनवेळी एकतर ओढले जातो किंवा तोंडघशी पाडतो. ही सौजन्याची भाषा वाटते, पण ती खरी नाही. होय तर होय, नाही तर नाही असे बोला, हे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे.

नहेम्या यरुशलेमचा कोट बांधत होता. त्याचे शत्रू सनबल्लट आणि गेशेम यांनी त्याला ओनोच्या मैदानात भेटीला बोलावले. त्याने निरोप पाठवला की मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येत नाही, मी काम सोडून तुमच्याकडे आलो तर ते बंद का पडावे? त्यांनी चार वेळा निरोप धाडला, त्यानेही चारही वेळा तेच उत्तर दिले. कोट 52 दिवसांत पुरा झाला. तुम्हाला बोलावणारे बहुतेक शत्रू नसतील, मित्रच असतील, म्हणून तुमचे उत्तर मऊ असावे. पण चौथ्यांदाही तेच असावे.

काही वाक्ये तयार ठेवा. पाळकांना: "साहेब, या वर्षी मी मुलांचा वर्ग मनापासून करायचं ठरवलं आहे, म्हणून कमिटीत माझं नाव घेऊ नका. त्या कामासाठी प्रार्थना मात्र नक्की करेन." लगेच उत्तर सुचत नसेल तर: "रविवारपर्यंत प्रार्थना करून सांगते." आणि रविवारी खरेच सांगा. नातेवाइकांना: "मावशी, लग्नाला आम्ही येणारच, हळदीला मात्र जमणार नाही." कारणांची लांब माळ लावू नका. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोडगा असतो.

हातात घेतलेले काम मध्येच टाकून देऊ नका. मुदत सांगा, दुसरा माणूस सापडेपर्यंत किंवा वर्षअखेरपर्यंत करा, मग सोडा.

आणि एक धोका. नकार देण्याची ही मोकळीक आळसाचे पांघरूण होऊ शकते. हाग्गय संदेष्ट्याच्या काळातले लोक म्हणत होते की मंदिर बांधायची वेळ अजून आली नाही, आणि स्वतः मात्र तक्तपोशीच्या घरांत राहत होते. म्हणून नकार दिल्यावर पंधरा दिवसांनी स्वतःला विचारा: मोकळा झालेला तो तास कुठे गेला? तो मालिकेत आणि रील्समध्ये गेला असेल, तर तो नकार चुकीच्या कारणासाठी होता.

पाचवी पायरी: काम दुसऱ्याच्या हाती द्या

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसे. सासरा इथ्रो म्हणाला, तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजून जाशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम, कठीण तेवढे तुझ्याकडे येऊ दे. "लोकही" हा शब्द विसरू नका. एकट्याने सगळे ओढणारा माणूस मंडळीलाही दमवतो, कारण त्याच्याशिवाय कुणाला काही येतच नाही.

शब्बाथ शाळेचा वर्ग सोपवायचा असेल तर चार रविवार धरा. पहिल्या रविवारी नव्या शिक्षिकेने नुसते बघावे, दुसऱ्या रविवारी गोष्ट तिने सांगावी आणि बाकीचे तुम्ही, तिसऱ्या रविवारी सगळे तिने आणि तुम्ही मागे बसावे, चौथ्या रविवारी तुम्ही खोलीत नसावे. तिची पद्धत वेगळी असेल, फलकावरचे अक्षर वाकडे असेल, मुले थोडा गोंधळ करतील. जाऊन दुरुस्त करू नका. प्रेषितांनी यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटपाचे काम सात जणांकडे दिले, त्यात स्तेफन आणि फिलिप्प होते. त्या दोघांतून पुढे काय घडले ते 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पुढच्या अध्यायांत आहे.

हाती घेतलेले काम आपल्याच हातून पुरे व्हावे, असाही हट्ट नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचे काव्य 1919 साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.

सहावी पायरी: विसावा, आणि तो घरातल्या सगळ्यांना

शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात पुन्हा येते तेव्हा तिच्यासोबत कारण दिले आहे: तू मिसर देशात दास होतास हे आठव. दासाला सुटी नसते. जो कधी थांबू शकत नाही तो कुणाचा दास आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

पण आपल्या घरांतला रविवार कसा जातो? उपासनेहून आल्यावर पुरुष पेपर घेऊन बसतात आणि बाई मटणाच्या पातेल्यापाशी उभी राहते. दुपारी पाहुणे, मग भांडी. आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, अगदी बैल आणि गाढवही आहे. स्वयंपाकघरातल्या बाईला त्यातून वगळलेले नाही. मसाला शनिवारी वाटून ठेवा, भांडी घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी घासावीत, महिन्यातून दोन रविवार नुसता खिचडी-पापड असू द्या. हा बदल छोटा दिसतो, पण अनेक घरांत कामात गुंतलेल्या मार्थेला प्रभूच्या पायांशी बसलेल्या मरीयेशेजारी बसायला मिळेल ते यानेच.

पाळक, कॉयरचे लोक आणि रविवारी ड्यूटी असणाऱ्यांनी आठवड्यातला दुसरा अर्धा दिवस राखावा आणि तो घरच्यांना सांगून ठेवावा. फारच थकला असाल तर आधी झोपा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. होरेब डोंगरावरचे देवाचे बोलणे त्यानंतरचे.

सातवी पायरी: प्रभुभोजनाआधी तपासा

अनेक मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, आणि त्याआधी आत्मपरीक्षण करायला पौलाने सांगितलेच आहे. त्या शनिवारी रात्री वही काढा. "भ" खुणेची कामे कमी झाली का? रोजची भेट किती वेळा खरोखर झाली? वाक्यातल्या माणसांपैकी या महिन्यात कुणाला भेटलो? वाक्य अजून तेच आहे की बदलायला हवे? चुकलेले प्रभूला सांगा आणि क्षमा स्वीकारा. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून पुढच्या महिन्यात दुप्पट करायला जाऊ नका.

नोव्हेंबरच्या तपासणीला थोडा जास्त वेळ द्या, कारण पुढे डिसेंबर आहे: कॅरोलच्या फेऱ्या, नाटकाचा सराव, घराची रंगरंगोटी, करंज्या-अनारसे, नवे कपडे, पाहुणे. सगळे घर एकत्र बसा आणि यंदा काय करायचे नाही ते आधी ठरवा. फराळाचे पदार्थ तीनच, किंवा दोन घरांनी मिळून. कॅरोलच्या सगळ्या रात्री न जाता दोन. 24 तारखेच्या संध्याकाळी सहानंतर घरात कुणीही कामाला हात लावायचा नाही, आणि लूकचा दुसरा अध्याय घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याने मोठ्याने वाचायचा. हे ठरलेले कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि सासरी-माहेरीही आताच कळवून टाका.